विश्वासाचे भांडवल

१९८५च्या सुमारास आमच्या तालुक्याच्या गावी दूरदर्शनचे चित्र दिसू लागले आणि पेढीच्या वरच्या मजल्यावर एक कृष्णधवल संच येऊन बसला. रविवारी सायंकाळी हिंदी चित्रपट असे. आमच्या आळीत सूर्यास्तापूर्वीच जेवणे उरकलेली असल्यामुळे चित्रपटाला उशिरा येणारे कुणी नसे. पुढे आम्ही मुले, मागे बायका आणि भिंतीला टेकून सात-आठ व्यापारी, असा दरबार भरे. अशाच एका रविवारी मी ‘दो आँखें बारह हाथ’ प्रथम पाहिला. वाचकहो, या सदरातून आवडत्या चित्रपटांविषयी आजवर बरेच लिहिले. परंतु ज्या चित्रपटाने आमच्या घरच्या व्यवहारालाच प्रश्न विचारला, त्याच्याविषयी लिहायचे राहून गेले होते.

व्ही. शांताराम यांचा हा १९५७ सालचा चित्रपट, कथा ग. दि. माडगूळकरांची. आदिनाथ हा तुरुंगाधिकारी खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना स्वतःच्या जबाबदारीवर तुरुंगाबाहेर काढतो आणि एका उजाड माळावर घेऊन जातो. तेथे जमीन कसायची, घाम गाळायचा आणि माणूस व्हायचे. सहा माणसांचे बारा हात आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारे आदिनाथाचे दोन डोळे, एवढेच काय ते भांडवल. या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात रौप्य अस्वलाचा मानही मिळाला.

ही केवळ कल्पनेची भरारी नव्हे. औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ, १९३९ साली स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा पाठिंबा आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची प्रेरणा त्यामागे होती. उंच भिंतींशिवाय कैदी तेथे शेती करीत. माडगूळकर त्याच मुलखातले. म्हणजे पडद्यावर जे दिसते, ते आपल्याच मातीत आधी घडून गेलेले आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माळावर पिकवलेली भाजी घेऊन आदिनाथाची माणसे बाजारात येतात आणि वाजवी भावाने विकू लागतात. बाजार मुठीत ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला हे खपत नाही. तो त्यांना मारहाण करवतो, आणि हात न उचलण्याच्या वचनाला जागून हे एकेकाळचे खुनी मुकाट्याने मार खातात. पुढे त्याच वैरातून त्यांच्या मळ्याचा विध्वंस होतो आणि बैलाशी झुंजताना आदिनाथाचा अंत होतो. या झुंजीच्या चित्रीकरणात शांताराम यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती.

बाजारातला तो प्रसंग सुरू झाला तेव्हा आमच्या दिवाणखान्यातली कुजबुज एकाएकी थांबली. पडद्यावरचा दुष्ट दरोडेखोर नव्हता, जमीनदारही नव्हता. तो व्यापारी होता. चित्रपट संपल्यावर एक काका तक्रारीच्या सुरात म्हणाले, “या सिनेमावाल्यांना बदनाम करायला व्यापारीच सापडतो.” बाबूजी हसले नाहीत. ते म्हणाले, “चेहरा ओळखीचा वाटला, म्हणूनच टोचलं ना?” त्यावर कुणी बोलले नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर रोजमेळात ३४० रुपयांची तूट निघाली. तागडीवर बसणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा गल्ल्यातून थोडे थोडे पैसे काढीत होता. बाबूजींनी त्याला आत बोलावले. त्याने मान खाली घालून कबूल केले. घरात सर्वांचे मत एकच होते, आजच्या आज काढून टाका. बाबूजींनी ती रक्कम त्याच्या नावे उचल म्हणून लिहिली, पगारातून दरमहा वळती करण्याचे ठरवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत भरायची अकरा हजारांची थैली त्याच्याच हाती दिली.

विश्वास ठेवणाऱ्याला निश्चिंत झोप लागते, असे सांगतात. ते खरे नाही. तो मुलगा परत येईपर्यंत बाबूजी तीनदा उठून उंबरठ्यापर्यंत गेलेले मी पाहिले. मधल्या वेळात त्यांनी एका गिऱ्हाइकाला तुरीच्या जागी हरभऱ्याची डाळ बांधून दिली. बाराच्या सुमारास मुलगा शिक्का मारलेली पावती घेऊन आला. बाबूजींनी ती घडी करून पाकिटात ठेवली आणि त्याला एवढेच म्हणाले, “जेवून घे.” तो आमच्याकडे अठ्ठावीस वर्षे राहिला.

परंतु दुसरी बाजू न सांगणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. काही वर्षांनी याच विश्वासाने वसुलीला पाठवलेला एक जण अठरा हजार रुपये घेऊन गेला तो आजतागायत परतला नाही. बाबूजींनी ती रक्कम बुडीत खात्यात टाकली. मोठेपणी मी त्यांना विचारले, “बाबूजी, मग चित्रपटातला धडा चुकलाच ना?” ते म्हणाले, “दोन्ही खाती शेजारी मांडून बघ. एक बुडालं, एक तरलं. उधारी बुडेल म्हणून जो घाबरतो, त्यानं दुकान उघडूच नये.” पत म्हणजे तरी काय? समोरच्याच्या सचोटीचा पुरावा हाती येण्याआधीच त्याच्या पदरात टाकलेला विश्वास. गिऱ्हाइकाला आपण ती रोज देतो. पदरच्या माणसाला देताना मात्र आपला हात आखडतो.

हे सारे ऐकून, पाहून वाढलेल्या मी काय केले, तेही सांगतो. गेल्या वर्षी दुकानात सहा कॅमेरे बसवले. दोनच महिन्यांनी मालाच्या मोजणीत तुपाचे बारा डबे कमी आले. संशय आमच्या जुन्या गुमास्त्यावर गेला. त्याला एका शब्दाने न विचारता मी एका कॅमेऱ्याचे तोंड त्याच्या जागेकडे वळवले आणि तीन रात्री जागून चित्रण पाहिले. चौथ्या दिवशी उलगडा झाला. डबे घाऊक व्यापाऱ्याकडे परत गेले होते आणि त्या परतीची नोंद करायला मीच विसरलो होतो. गुमास्त्याला बोलावून मी हात जोडले. तो शांतपणे म्हणाला, “शेठ, कॅमेरा माझ्याकडं वळवला, ते त्याच दिवशी दिसलं होतं मला. तुम्ही विचाराल म्हणून वाट बघत होतो.” त्या वाक्याची भरपाई कोणत्या खात्यातून करावी, हे मला अजून उमगलेले नाही. कॅमेरा तेवढा मी पुन्हा दाराकडे वळवला.

कॅमेरे काढून टाकावेत असे माझे म्हणणे नाही. आजच्या काळात त्यांची गरज आहे. परंतु कॅमेरा झालेली चोरी टिपतो. चोरी करावीशीच वाटू नये, हे काम त्याच्या आवाक्यातले नाही. आदिनाथाचे डोळे कैद्यांना त्याच्या पाठीमागेही जाणवतात, ते शिक्षेच्या भयाने नव्हे, तर या माणसाने आपल्याला माणूस मानले, त्याला तोंड कसे दाखवावे, या लाजेने. म्हणूनच आदिनाथ गेल्यावर वाट मोकळी असूनही ते सहा जण पळून जात नाहीत.

येत्या सुट्टीत हा चित्रपट घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहावा, विशेषतः उद्या पेढीवर बसणाऱ्या मुलामुलींसह. रंग नाहीत म्हणून ती प्रथम कुरकुरतील, नंतर नाही. आणि चित्रपट संपल्यावर त्यांना एवढेच विचारावे की, यातला आदिनाथ आपल्या दुकानात कोण आहे आणि भाजीबाजारातला तो व्यापारी कोण. उत्तर मुलांना देऊ द्यावे. आपण फक्त ऐकावे.