एक गोळी, एक नियम

जिंतूरच्या नेमगिरीची वाट भाविक उजळ माथ्याने चालतात; परभणीच्या शासकीय रुग्णालयातील एआरटी केंद्राची वाट मात्र मान खाली घालून चालली जाते. वास्तविक तेथेही एक नियमच दिला जातो.

एचआयव्हीवरील औषधे सरकारकडून २००४ पासून मोफत मिळतात. बहुतेकांना आता दिवसाला एकच गोळी पुरते. ती नित्य घेतली, तर साधारण सहा महिन्यांत विषाणू चाचणीत न दिसण्याइतका क्षीण होतो. तो तसा राहील तोवर शारीरिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. नऊ देशांतील १७६३ जोडप्यांच्या ज्या अभ्यासाने हे दाखवले, त्यात पुणेही होते. गोळ्या चुकत गेल्या, की विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला जुमानेनासा होऊ शकतो.

म्हणून पर्युषणातील उपवासातही गोळी सोडू नये. चौविहार पाळणाऱ्याने डॉक्टरांना विचारून सूर्यास्तापूर्वीची वेळ ठरवावी. पच्चक्खाणातही समाधीसाठी आगार ठेवलेले आहेत. गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे. चातुर्मासात पालेभाजीतील सूक्ष्म जीव जपणाऱ्याने सहधर्मचारिणीच्या जिवाला धोका पोहोचू देऊ नये. आणि घरात औषधाची डबी लपवावी लागणार नाही, एवढे घरच्यांनी पाहावे. लपवलेली गोळीच बहुधा चुकते.