अबोला
माझी बायको एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. तिथल्या सीनियर सिस्टर तिच्याशी बोलतच नाहीत, सगळे निरोप चिठ्ठीवर. मागच्या शनिवारी एका आजोबांची पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी अशाच चिठ्ठीत राहिली, केसपेपरवर आलीच नाही. डॉक्टरांनी स्वतः विचारलं म्हणून निभावलं.

"दुर्लक्ष कर गं," हा माझा नेहमीचा सल्ला. चुकलंच माझं. आमच्याकडे अबोल्याने फार तर रिलीज लांबतं, तिथे पेशंट अडकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया-चेकलिस्टमध्ये चिरा देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं, ते उगाच नाही.

सोमवारी ती सिस्टरांना बाजूला घेऊन म्हणाली, "माझ्यावर राग ठेवा, पण अ‍ॅलर्जी तोंडी सांगत जा."

सिस्टर हसल्या नाहीत. पण आता सांगतात. मैत्री नाही झाली तरी चालतं राव, बोलणं थांबता कामा नये!