‘डॉक्टर, मी धूर आत घेत नाही!’

गेल्या आठवड्यात पन्नाशीचे एक गृहस्थ रक्तदाब तपासायला आले होते. “तंबाखूचे काही व्यसन?” असे विचारल्यावर ठामपणे “नाही” म्हणाले. उठता उठता मात्र सांगितले, “शनिवारी रात्री एखादी सिगार असते. पण ती ओढायची नसते डॉक्टर, तिची चव घ्यायची असते. मी धूर आत घेत नाही.”

तुमच्यापैकीही काहींना हे पटत असेल. म्हणून आज थोडे स्पष्ट लिहितो.

‘मीडियम-फुल’ म्हणजे काय?

महागड्या सिगारचे रसिक तिचे तीन भाग मानतात आणि प्रत्येक भागात कोको, कॉफी, मिरी, चामडे अशा छटा शोधतात. काही जण धूर नाकावाटे सोडून वास जोखतात. ‘बॉडी’ म्हणजे धुराचा तोंडात जाणवणारा भारदस्तपणा आणि ‘स्ट्रेंग्थ’ म्हणजे निकोटिनचा जोर. मीडियम-फुल सिगारमध्ये हे दोन्ही मध्यमापेक्षा जास्त असते. हा जोर मुख्यतः ‘लिगेरो’ पानांतून येतो. ही झाडाच्या वरच्या भागातली, भरपूर ऊन मिळालेली पाने. म्हणजे आपण ज्याला दर्जा म्हणून गुण देतो, त्यातला मोठा वाटा निकोटिनच्या मात्रेचा असतो.

“आधी पोटभर जेवा, जवळ काहीतरी गोड ठेवा” असा सल्ला रसिक नवख्यांना देतात. कारण शेवटच्या भागात गरगरते, घाम फुटतो, मळमळते. आम्ही डॉक्टर याला निकोटिनची सौम्य विषबाधा म्हणतो.

धूर आत न घेताही निकोटिन कसे पोहोचते?

सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो. त्यातले निकोटिन मुख्यतः फुप्फुसातून शोषले जाते. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतूनच रक्तात उतरते. नाडी आणि रक्तदाब वाढतात. शिवाय सिगारची पाने थप्प्या रचून आंबवली जातात. या प्रक्रियेत नायट्रोसमाइन्स ही कर्करोगकारक द्रव्ये मोठ्या प्रमाणात तयार होतात. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते आणि ती संपायला तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ जीभ, गाल, टाळू त्या धुरातच असतात.

आपल्याकडे मिश्री लावणारी आजी तरी धूर कुठे आत घेते? तरीही तिला तोंडाचा कर्करोग होऊ शकतो.

सिगारप्रेमी सिग्मंड फ्रॉइड यांना 1923 मध्ये टाळू-जबड्याचा कर्करोग झाला. तिसाहून अधिक शस्त्रक्रिया सोसूनही सिगार सुटली नाही. 1939 मध्ये ते गेले.

मग आठवड्यातून एक चालेल का?

खरे सांगायचे तर रोज ओढणाऱ्यापेक्षा धोका कमीच. धूर आत न घेणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोकाही सिगारेट ओढणाऱ्यापेक्षा कमी असतो. पण तोंड, घसा आणि अन्ननलिकेला ही सूट नाही, आणि तंबाखूची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही. माझा सल्ला ‘नकोच’ असाच आहे.

त्याहून मोठा आक्षेप आहे तो “तंबाखू नाही” या उत्तराला. सिगारचे कळल्यावर मी त्या गृहस्थांना परत बसवले आणि बॅटरीने तोंड तपासले. जिभेच्या कडेला पांढरा चट्टा होता. न दुखणारा, म्हणून त्यांच्या लक्षातही न आलेला. त्यांना तज्ज्ञांकडे पाठवले आहे, बायॉप्सीचा अहवाल यायचा आहे. तो चांगलाच येवो. पण उठता उठता ते बोलले नसते, तर मी जिभेची कड पाहिलीच नसती.

तोंडात पुसला न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, गिळताना त्रास, यांपैकी काहीही असेल तर थांबू नका. सोडायची इच्छा असेल तर 1800-11-2356 या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर मदत मिळते.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी तंबाखूबद्दल विचारले, तर शनिवारची सिगारही सांगा.