रोवणीच्या घाईत पोराचा ताप अंगावर काढू नका

गडचिरोलीत रोवणी लागली की अख्खं घर बांधीत असतं. आई रोवणीला, बाप चिखलणीला, धाकटं पोर बांधावर आजीजवळ. नेमका याच दिवसांत पोराला ताप येतो. घरात उरलेली तापाची अर्धी गोळी आई पाण्यात विरघळवून पाजते. संध्याकाळी अंग निवतं, पोर कोंबडीमागे धावतं, सगळ्यांच्या जिवात जीव येतो. दुसऱ्या रात्री त्याच पोराला झटके येतात. दवाखाना नाल्यापलीकडे आणि नाल्याला पूर.

आरोग्य उपकेंद्रात काम करताना अशी पोरं मी हातात घेतली आहेत. म्हणून हात जोडून सांगते, ताप उतरला म्हणजे हिवताप गेला असं धरून चालू नका. तापाच्या गोळीने ताप उतरतो, रक्तातले जंतू तसेच राहतात. आपल्याकडचा फाल्सिपेरम हिवताप मेंदूत चढतो आणि लहान मुलाच्या बाबतीत एक-दोन दिवसांतच जिवावर बेतू शकतं.

मोठी माणसं वर्षानुवर्षं हिवताप सोसून थोडी टणक झालेली असतात. बाळाला आईकडून मिळालेलं बळ काही महिन्यांत ओसरतं, मग त्याच्याकडे काहीच नसतं. त्यात बहुतेक पोरांच्या अंगात आधीच रक्त कमी, आणि हिवताप नेमक्या रक्तातल्या तांबड्या पेशीच फोडतो. आणखी एक गोष्ट. आजोबांना ताप नसला तरी त्यांच्या रक्तात जंतू असू शकतात. डास आजोबांना चावतो आणि काही दिवसांनी नातवाला. म्हणून तपासणीला आशाताई घरी आल्या की "मला काय झालंय?" म्हणत बाजूला सरू नका, सगळ्यांनी बोट पुढे करा.

थंडी वाजायची वाट बघू नका. तान्हं बाळ कुडकुडेलच असं नाही. ते दूध सोडतं, ओकतं, किरकिरतं, कधी जुलाब होतात, आणि घरात "दात येतायत" म्हणून विषय संपतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत ताप म्हणजे त्याच दिवशी रक्त तपासायचं. आशाताईंकडे किट असतं. बोटाला सुई टोचून एक थेंब पट्टीवर, वर औषधाचे थेंब, आणि पंधरा-वीस मिनिटांत रेघ दिसते. एवढ्या वेळात चुलीवर भातही होत नाही. झाडफुकीला पुजाऱ्याकडे जायचं तर जा, मी अडवणार नाही, पण आधी बोटाचं रक्त द्या.

फाल्सिपेरम निघाला तर तीन दिवसांच्या गोळ्या मिळतात. वर्षाखालच्या बाळाचं पाकीट गुलाबी, एक ते चार वर्षांच्या मुलाचं पिवळं. मोठ्याच्या पाकिटातली गोळी मोडून लहानाला देऊ नका. काहीतरी खाऊ घालून गोळी द्या. अर्ध्या तासात ओकलं तर ताईंना लगेच सांगा. दुसऱ्या दिवशी पोर खेळायला लागलं तरी तिसऱ्या दिवसाची गोळी पुढच्या तापासाठी शिंकाळ्यात ठेवू नका. पोर गुंगीत असेल, झटके आले, काहीच पीत नसेल, तळहात पांढरे पडले, श्वास जोरात चालला किंवा लघवी काळपट झाली, तर गावात थांबू नका. थेट रुग्णालय गाठा, मग रात्र असो की पूर.

आता डासाचं. घरातली भांडी उपडी करून डेंग्यूचा डास आटोक्यात येतो, ते कराच. पण हिवतापाचा डास जंगलातल्या झऱ्यात, नाल्याच्या गवताळ काठाशी, बांधीतल्या साचलेल्या पाण्यात वाढतो. ते सगळं कोरडं करणं कुणाच्याच हातात नाही. हातात आहे ती मच्छरदाणी, कारण हा डास रात्रीच चावतो. सरकारी औषधी मच्छरदाणीत मासे धरलेले, कोंबडीची पिल्लं झाकलेली मी पाहिली आहेत. तिच्यात आधी पोराला झोपवा, कडा चटईखाली खोचा. दगडावर आपटून धुऊ नका, सावलीत वाळवा. धान निसवल्यावर राखणीला शेतातल्या झोपडीत मुक्काम असतो, तेव्हा मच्छरदाणी घरी खुंटीला राहते आणि पोर उघड्यावर निजतं. भाकरीच्या गाठोड्याबरोबर तीही न्या. रोवणीआधी एकदा उजेडात धरून बघा, भोकं दिसली तर सुईदोऱ्याने लगेच शिवून घ्या.