तीन लिटरचा समुद्र

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी कॅलेंडरवर दोनच तारखांना गोल असतो. एक, माझं मानधन ‘नक्की’ येणार ती तारीख (येत नाही, ते सोडा) आणि दुसरी, नळाचा दिवस. त्या दिवशी आई पहाटे चारला उठून ड्रम, बादल्या, पातेली, एवढंच काय, फिल्टरची वाटीसुद्धा भरून ठेवते. अशा घरात वाढलेली मुलगी समुद्राकाठी पाण्यावाचून अडकली, यापेक्षा फिल्मी काय असणार? पण झालं खरं.

पुण्यातल्या एका आयटीवाल्या मित्राच्या डोक्यात कॅम्पिंगचं खूळ शिरलं. रिसॉर्टच्या लॉनवरच्या आयत्या तंबूत बार्बेक्यू खायचा, ते कॅम्पिंग नव्हे. तंबू, पाणी, शिधा सगळं पाठीवर घ्यायचं, वाळूतून चालत जायचं आणि लाईट नाही, संडास नाही, अशा जागी रात्र काढायची. अमेरिकेत म्हणे यासाठी किनाऱ्यावर आखलेल्या वाटा असतात, परमिट मिळतं. आपल्याकडे असलं काही नाही. आपल्याकडे कोकण आहे, बॉस! मग आम्ही चौघं स्वारगेटहून दापोलीच्या एसटीत बसलो आणि दापोलीहून केळशीच्या. बेत असा की, केळशीपासून आंजर्ल्यापर्यंत दोन दिवसांत चालत जायचं. मधे उटंबरचा डोंगर, आडे आणि पाडले.

तारीख निवडली होती माघ वद्य षष्ठीची. ही आयडिया माझी, म्हणजे खरं तर मुंबईच्या मावशीची. फंडा सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. षष्ठी म्हणजे सहा गुणिले पाऊण, साडेचार. दुपारी साडेचारच्या सुमारास भरती, म्हणजे साधारण सव्वादहा-साडेदहाला ओहोटी. अंदाजच तो, मिनिटांचा हिशेब नाही. पण वाळूतल्या चालण्यात सगळा खेळ याचाच. ओहोटीला उघडी पडणारी ओली वाळू रस्त्यासारखी टणक असते. तीच वेळ चुकवलीत तर भरती तुम्हाला वरच्या भुसभुशीत वाळूत ढकलते, मग बारा किलोची सॅक घेऊन दोन पावलं पुढे, एक मागे.

केळशीला खाडीच्या तोंडाशी वाळूची एक भलीमोठी टेकडी आहे. तिच्या थरांवर डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी बरंच काम केलंय. आम्ही तिथे फक्त सेल्फी काढले. असो.

माणशी तीन लिटर पाणी घेतलं होतं. उटंबर चढून उतरेपर्यंत आयटीवाल्याचं दोन लिटर संपलं होतं, कारण साहेबांनी वाटेत बुटात वाळू गेली म्हणून बिसलेरीने पाय धुतले. पाय! बिसलेरीने! माझ्या आईने हे पाहिलं असतं तर तिथेच श्राद्ध घातलं असतं. मुक्कामाला पोचलो, तेव्हा चौघांत मिळून जेमतेम दीड लिटर उरलं होतं. त्यातलं एक लिटर मी सॅकच्या तळाशी कपड्यात गुंडाळून लपवलेलं होतं. होय, लपवलेलं. मित्रांपासून. मराठवाडा रक्तातून जात नाही.

मॅगी शिजवायची की पाणी प्यायचं, यावर बैठक बसली असतानाच सुरूच्या झाडांमागून एक आजी आल्या. डोक्यावर लाकडाची मोळी.

“काय गो बाय, रातच्याला हितंच ऱ्हाणार?”

हो म्हटलं. त्यांनी आमच्या तंबूकडे आणि मग वाळूवरच्या एका रेषेकडे पाहिलं. शिंपले, सुकलेलं शेवाळ, थर्माकोलचे तुकडे, एक एकटी चप्पल, अशी कचऱ्याची आडवी माळ. तंबू त्या माळेच्या समुद्राकडच्या बाजूला होता. संध्याकाळी पाणी मागे सरकत होतं, म्हणून आम्हाला समुद्र लांब वाटला. पहाटे पाचच्या भरतीला तो आमच्या स्लीपिंग बॅगेत आला असता. तिथीचा हिशेब मीच केला होता, पण दुपारची भरती काढून मोकळी झाले. भरती दिवसातून दोनदा येते, हे पाचवीच्या पुस्तकातलं ज्ञान त्या क्षणी गायब!

तंबू उचलून वर नेला. वाळूत खुंट्या टिकत नाहीत, हेही तेव्हाच कळलं. कापडी पिशव्यांत वाळू भरायची, त्यांना दोरी बांधायची आणि त्याच हातभर खोल पुरायच्या. मग तंबू हलत नाही.

पाणी आजींच्या वाडीतल्या विहिरीचं मिळालं. समुद्र शंभर-दीडशे पावलांवर आणि पाणी गोड. माझा विश्वास बसेना. पण कारण साधं आहे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहतं. ढोबळ हिशेबाने, गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा 1 मीटर वर असेल तर खाली 40 मीटरपर्यंत गोडं. मात्र पंप लावून वारेमाप उपसलं, की खालचं खारं वर चढतं आणि विहीर कायमची बिघडू शकते. आजी रहाटाने मोजून चार कळश्या काढतात. मी रहाट ओढला, तेव्हा म्हणाल्या, “हळू ओढ गो, पाणी कुठं पळून जात नाय.” आमच्याकडे जातं, आजी.

त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली. शेकोटी नको आणि किनाऱ्याकडे बॅटरी मारू नका, कासवं येतात. ऑलिव्ह रिडले. हिवाळ्यात रात्री मादी वाळूत येते, दीड फुटाचा खड्डा करते, शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने जवळच्याच वेळासला 2002 पासून हे काम सुरू केलं. गावातली मुलं पहाटे किनारा फिरून अंडी कुंपणात नेऊन पुरतात, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं समुद्रात सोडतात. 2022 मध्ये तर वेळास आणि आंजर्ल्याच्या माद्यांच्या पाठीवर सॅटेलाईट ट्रान्समीटर बसवले. वेळासची ‘प्रथमा’, आंजर्ल्याची ‘सावनी’. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, म्हणून भलता उजेड दिसला तर चुकतात. आणि मादी उजेडाने, हालचालीने बिचकते.

शेकोटी केली नाही. दिवे बंद केले. अंधारात कोरडी मॅगी चावली. अकराच्या पुढे चंद्र वर आला आणि एवढा उजेड पडला, की आपण कंदील आणलेच कशाला असं वाटलं.

मध्यरात्री कधीतरी कुणाला तरी जावं लागलं. नाव घेत नाही. झाडांमागे जाऊन वीतभर खड्डा करायचा आणि बुजवायचा, हे ठरलं होतं, पण ते महाशय अंधाराला घाबरून मोबाईलचा टॉर्च लावून थेट पाण्याकडे गेले. दहा मिनिटं तो पांढरा ठिपका किनाऱ्यावर फिरताना मी तंबूतून पाहिला. झोपेत होते. हाक मारली नाही.

पहाटे गावातला एक मुलगा काठी घेऊन किनारा तपासत आला. आमच्यापासून थोड्या अंतरावर थांबला. ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा दोन-अडीच फूट रुंद माग पाण्यातून वर आला होता. कचऱ्याच्या माळेपर्यंत. तिथे अर्धगोल वळण घेऊन तसाच परत समुद्रात. मुलाने काठी दोन-तीन ठिकाणी खुपसून पाहिली. खड्डा नव्हता.

“अंडी नाही घातली,” तो म्हणाला.

“आमच्यामुळे?”

त्याने आमच्या तंबूकडे पाहिलं, खांदे उडवले. “बिचकली असेल. येईल परत, आज नाहीतर उद्या.” मग वहीत काहीतरी लिहून तो पुढे निघाला.

ओहोटी अकराला होती. आम्ही सातलाच निघालो, मऊ वाळूतून. तो माग पुसू नये म्हणून वळसा घालून. आयटीवाला पूर्ण वाट गप्प होता. आंजर्ल्याला टपरीवर चहा घेतला, तेव्हा मी लपवलेली लिटरची बाटली काढून त्याच्यापुढे ठेवली. ती तशीच्या तशी भरलेली होती.