ओपन सोर्स : दार उघडे आहे, आत कधी जाणार?

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत मध्यंतरी एक मुलगा भेटला. कॉम्प्युटरचा डिप्लोमा पूर्ण होऊन दोन वर्षे झाली. मार्कशीट आहे, पण अनुभव नाही. मुलाखतीला गेला की विचारतात, "आधी काय काम केले ते दाखवा." नोकरीशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय नोकरी नाही! तो म्हणाला, "वकीलसाहेब, आपली कुणाची कंपनी नाही, कुणाची ओळख नाही. काम दाखवायचे कुठून?" मी म्हणालो, "ओपन सोर्समध्ये काम कर." तो हसला. "ते मोठ्या लोकांचे. तिथे आपल्याला कोण घेणार?" त्याच्यासारखे हजारो तरुण आज समाजात आहेत. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जाहीरपणे देणे मला आवश्यक वाटते.

आधी ओपन सोर्स म्हणजे काय ते समजून घेऊ. कोणताही प्रोग्रॅम ज्या लिखित मजकुरातून तयार होतो, त्याला सोर्स कोड म्हणतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमची गणना साहित्यकृतीत केली आहे. म्हणजे मालकाच्या परवानगीशिवाय त्याची नक्कल करणे, त्यात बदल करून तो वाटणे हे सर्वसाधारणपणे बेकायदेशीर. बहुतेक कंपन्या हा मजकूर कुलूपबंद ठेवतात. ज्ञान कुणी वाचायचे आणि कुणी नाही, हे मूठभरांनी ठरवण्याची पद्धत आपल्याला नवीन नाही. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या कुलूपबंदीविरुद्ध ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९८९ साली जीपीएल हा परवाना आला. त्याची अट साधी आहे : हा प्रोग्रॅम वापरा, वाचा, बदला, वाटा, पण बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला दिलात तर त्याचा सोर्स कोडही त्याच अटींवर द्या. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेले लिनक्स पुढच्याच वर्षी या परवान्याखाली आले. ओपन सोर्स म्हणजे बेवारस माल, असा एक गैरसमज आहे. तो काढून टाका. इथे मालक असतो, कायदा असतो. फक्त परवानगी सर्वांना आगाऊ आणि लेखी दिलेली असते.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. लिब्रे ऑफिस हे अर्ज, पत्रे, हिशेब करण्याचे मोफत सॉफ्टवेअर अनेकांच्या कॉम्प्युटरवर आहे. त्याचा पूर्वज ओपन ऑफिस. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने २००० साली त्याचा कोड खुला केला. २०१० च्या जानेवारीत ती कंपनी ओरॅकलने विकत घेतली. मालक बदलला तर कामाचे काय होईल, ही धास्ती काम करणाऱ्यांना वाटली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी कोड घेऊन वेगळी चूल मांडली आणि डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापन केले. कंपनी त्यांना अडवू शकली नाही, कारण परवाना त्यांच्या बाजूने होता. लेखी हक्काची ताकद अशी असते!

या प्रकल्पात काम कुठून सुरू करायचे? प्रोग्रॅमिंग येत नसले तरी चालते. पहिले काम, चूक कळवण्याचे. मराठीत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात गुरुजी आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा अर्धा ऱ नीट उमटला की नाही, पीडीएफ करताना जोडाक्षर फुटले की काय, हे बर्लिनमध्ये बसलेल्या माणसाला कसे कळणार? ते आपल्यालाच दिसते. अशी चूक दिसली की नुसता वैताग करू नका. लिब्रे ऑफिसची बगझिला नावाची चुकांची जाहीर नोंदवही आहे. तिथे आधी शोधा, ही तक्रार कुणी केली आहे का. नसेल तर नोंदवा : कोणती आवृत्ती, कोणती ऑपरेटिंग सिस्टीम, कोणता फॉन्ट, काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले. सोबत नमुन्याची लहान फाईल जोडा. मात्र ही नोंदवही सारे जग वाचते, म्हणून पक्षकाराचे प्रतिज्ञापत्र किंवा कुणाचा जातीचा दाखला तिथे चढवू नका. नमुना नवा टाईप करा.

दुसरे काम, दुसऱ्याची तक्रार तपासण्याचे. नवी नोंद आधी 'अनकन्फर्म्ड' म्हणजे खातरजमा न झालेली असते. दुसऱ्या कुणी तीच कृती करून तीच चूक पाहिली आणि तसे लिहिले की ती पुढे सरकते. कोर्टात स्वतंत्र साक्षीदाराला जी किंमत, तीच इथे या कामाला. यासाठी लागतो फक्त कॉम्प्युटर, चिकाटी आणि खरेपणा.

तिसरे काम, भाषांतराचे. लिब्रे ऑफिसच्या मेनूतील शब्दांचे भाषांतर वेबलेट नावाच्या व्यवस्थेत होते. एकेक वाक्य समोर येते, आपण मराठी सुचवायचे. 'सेव्ह'साठी शब्दकोशातला जड संस्कृत शब्द लावायचा, की जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलीला चटकन कळेल तो शब्द ठेवायचा? भाषांतराला आपण बसलो नाही, तर आपल्या मुलांच्या पडद्यावरची मराठी दुसरेच कुणी ठरवतील. मग तक्रार करायला तोंड राहणार नाही.

चौथे काम कोडचे. त्यासाठी गिट शिकावे लागेल. लिब्रे ऑफिसने नवख्यांसाठी 'ईझी हॅक्स' नावाने सोपी कामे वेगळी काढून ठेवली आहेत. एक निवडा, बदल करा आणि गेरिट नावाच्या जागी तपासणीसाठी पाठवा. अनुभवी माणसे ओळन् ओळ वाचतात आणि सहसा काहीतरी चूक काढतात. तो अपमान समजू नका. मसुद्यावर सीनियरच्या लाल शाईच्या खुणा पडल्याशिवाय कुणी वकील झालेला नाही. दुरुस्त करा, पुन्हा पाठवा. मात्र न समजलेला कोड एआयकडून लिहून घेऊन पुढे सरकवू नका. तपासणाऱ्याने पहिला प्रश्न विचारला की उघडे पडाल. २०२० साली हॅकटोबरफेस्ट या उपक्रमात एका टी-शर्टसाठी लोकांनी निरर्थक बदलांचा पाऊस पाडला, तेव्हा आयोजकांना मध्येच नियम बदलावा लागला होता. टी-शर्ट फाटतो. केलेले काम आपल्या नावावर कायमचे नोंदले जाते, आणि मुलाखतीत दाखवायचे तेच.

वकील म्हणून दोन सूचना. एक, लिब्रे ऑफिसला कोड देताना आपले काम कोणत्या परवान्याखाली देत आहोत, याचे लेखी निवेदन द्यावे लागते. ते वाचून द्या. इथे कॉपीराइट आपल्याकडेच राहतो. जुन्या ओपन ऑफिसमध्ये मात्र तो कंपनीशी वाटून घ्यावा लागत असे. म्हणून प्रत्येक प्रकल्पाच्या अटी वेगळ्या वाचाव्यात. दोन, नोकरीत असाल तर नेमणूक पत्र काढून बघा. कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीच्या कामात तयार केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक कंपनी असते. कंपनीचा कोड परस्पर देऊ नका. शंका असेल तर लेखी परवानगी घ्या.

आता अडचणीचा प्रश्न. तिथे खरोखर समता आहे काय? प्रवेशाला दाखला मागत नाहीत हे खरे. पण माणसे याच जगातली आहेत आणि नावासोबत आडनावही दिसते. शिवाय फुकट काम करायला वेळ लागतो. दिवसभर डिलिव्हरीची गाडी चालवणाऱ्या मुलाकडे तो वेळ कुठून येणार? मोठ्या कंपन्या या कामाचा फायदा घेतात, हेही लपवण्यात अर्थ नाही. म्हणून मानधनाचे मार्ग माहीत हवेत. गुगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे आणि २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही खुले आहे. आउटरीची हा उपक्रम तर आपल्या देशाच्या तंत्रक्षेत्रात भेदभाव किंवा अत्यल्प प्रतिनिधित्व वाट्याला आलेल्यांसाठीच आहे. तिथे अर्जात आपली परिस्थिती लिहायची असते. संकोच न करता लिहा.

आणखी एक गोष्ट. अनेक प्रकल्पांनी कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट नावाची आचारसंहिता स्वीकारली आहे. कोणत्या कारणावरून छळ चालणार नाही, याची यादी तिच्यात असते. लिनक्स कर्नलने २०१८ साली घेतलेली संहिता तिच्या १.४ या आवृत्तीवर आधारलेली होती. त्या आवृत्तीच्या यादीत वंश होता, धर्म होता, जात नव्हती. २०२१ च्या २.१ आवृत्तीत 'जात' हा शब्द आला. पण ज्या प्रकल्पांनी जुनी आवृत्ती ठेवली, तिथे तो शब्द आपोआप येत नाही. आपण ज्या प्रकल्पात जाल, तिथली आचारसंहिता उघडा. शब्द नसेल तर नवी आवृत्ती स्वीकारण्याचा प्रस्ताव सभ्य भाषेत, कारणांसह मांडा. तेही ओपन सोर्समधले योगदानच आहे, आणि ते आपल्याइतके अधिकाराने कोण मांडणार?

महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे १९२४ सालीच ठरावाने खुले केले होते. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो हक्क वापरात आला. ओपन सोर्सचा परवानाही असाच एक ठराव आहे. अभ्यासिकेतल्या त्या मुलाने परवा पहिली तक्रार नोंदवली, अर्ध्या ऱ ची. अजून कुणी तिची खातरजमा केलेली नाही. वाचकांपैकी कुणाकडे कॉम्प्युटर असेल, तर आज संध्याकाळी एक तास काढा आणि अशीच कुणाची तरी पडून राहिलेली नोंद तपासून साक्ष द्या.