तेल न मागणारे बुश

व्यायामाची सायकल घरात थोडी जुनी झाली, की बैठक डुगडुगू लागते, कुठेतरी करकर ऐकू येते. मग शिवणयंत्राच्या तेलाची बाटली निघते आणि दिसेल त्या सांध्यात तेल सोडले जाते. पण अशा सायकलीतले काही सांधे तेलाशिवायच चालावेत म्हणून बनवलेले असतात.

तिथे छर्ऱ्यांचे बेअरिंग नसते; प्लास्टिकची एक गुळगुळीत नळी असते. हाच बुश. दांडा त्याच्या आतल्या अंगावर घसरत फिरतो. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत १९३५ साली वॉलेस कॅरोथर्स यांनी नायलॉन तयार केले. तिथेच १९३८ साली रॉय प्लंकेट यांच्या हाती टेफ्लॉन लागले. नॉनस्टिक तव्यावर असते तेच हे टेफ्लॉन. त्याची भुकटी बुशच्या प्लास्टिकमध्ये मिसळली, की वंगण बुशच्या अंगातच मुरलेले असते.

व्यायामाच्या सायकलीवर घाम ठिबकतो. तो खारट असल्याने पोलाद गंजते, प्लास्टिकला मात्र गंज चढत नाही. उलट तेल सोडले, तर त्यावर धूळ बसते आणि तो चिखल पॉलिशपेपरसारखा बुश झिजवतो.

मग सगळीकडेच प्लास्टिक का नको? कारण त्यातून उष्णता लवकर बाहेर पडत नाही. भार आणि वेग दोन्ही वाढले, की बुश तापतो, मऊ पडतो. मिनिटाला ६० फेरे धरले, तरी अर्ध्या तासात पायडलचा मुख्य दांडा १८०० वेळा फिरतो, तोही पायांचा जोर सोसून. जड चाक तर त्याहून कितीतरी वेगाने फिरते. या दोन जागी बॉल बेअरिंगच हवे. बैठकीच्या नळीला किंवा हलत्या मुठींच्या सांध्यांना बुश पुरतो.

सायकल घेताना पायडलचा दांडा धरून आडवा हलवून पाहावा. तो खडखडता कामा नये. मुख्य दांड्याला कोणते बेअरिंग आहे, हे दुकानदाराला जरूर विचारावे. घरी रोज कोरड्या फडक्याने घाम पुसावा आणि माहितीपत्रकात सांगितले असेल तिथेच तेल किंवा ग्रीस लावावे. बैठक डुगडुगली, तर आधी नटबोल्ट आवळून पाहावेत. तरीही हलली, तर बुश बदलावा. दांडा वाचावा म्हणून झिजणे हेच त्याचे काम. एवढ्याशा तुकड्यापायी अख्खी सायकल माळ्यावर टाकण्याचे कारण नाही.